एकाच पोटात तीन कॉप्या

मित्रांनो, मी एक मेलेली हार्ड डिस्क आहे. जुनी-बिनी म्हणून उगाच मान देऊ नका. सध्या मुक्काम बॉबिनच्या डब्यात, एका मोडक्या कात्रीच्या शेजारी. माझी गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आलं तर पुसा आणि पुढे ऐका. मला रडणारी माणसं नकोत. मला एकदाची मनातली मळमळ ओकायची आहे, बस.

जन्म झाला एका कारखान्यात. तिथली माणसं नखशिखांत पांढऱ्या झग्यात, नुसते डोळे दिसायचे. धुळीचा एक कणही आत जायला नको म्हणून एवढा थाट! त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत तबकड्या बसवल्या आणि वर एक बारीकसा हात. तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेणार आणि तो हात त्यांना न टेकता, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून, वाचणार आणि लिहिणार. ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. पण जरा डोकं चालवा. केसाहूनही कमी अंतर! हात एकदा घसरला की खेळ खल्लास. आमच्यातली एखादी दहा वर्षं रेटते, एखादी दहा महिन्यांत मान टाकते. कुठली कधी, ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि खोक्यावर काय छापतात? 'तुमच्या आठवणी सुरक्षित.' थापा नुसत्या.

मला घ्यायला दुकानात दोघं आले. एक वहिनी आणि एक तिचा दीर.

वहिनीच्या घरी बाहेरच्या खोलीत भरतकामाचं मोठं मशीन. डॉक्टरांचे कोट, बँडवाल्यांच्या टोप्या, बेकरीवाल्यांचे ॲप्रन, सगळ्यांवरची नावं आणि बिल्ले ती भरून द्यायची. मशीन टाके घालतं खरं, पण कुठला टाका कुठल्या दिशेला, कुठे किती दाट, दोरा कुठे बदलायचा, हे आधी कॉम्प्युटरवर काढावं लागतं. एकेका चित्राला दिवसच्या दिवस. अशी सात वर्षांची चित्रं तिच्याकडे इकडेतिकडे विखुरलेली. ती एका जागी नीट ठेवायची, एवढंच तिला हवं होतं.

दीर दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. लिफ्टच्या कंपनीत पत्रं टाइप करायचा, पण ऐट अशी की लिफ्ट यानेच शोधून काढली. घरातली कुठलीही वायर याला विचारल्याशिवाय हलायची नाही. वहिनी त्याला भाऊजी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू. मी मनात काय म्हणायचे ते सोडा.

दुकानदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "एक मोठी घेण्यापेक्षा दोन छोट्या घ्या. एक घरी, एक दुसऱ्या कोणाकडे. एक गेली तरी दुसरी राहते."

"दोन खपवायच्यात म्हणून सांगताय ना?" भाऊजी हसले. "ओळखून आहे मी."

"बरं, मग ही पेटी बघा. आत दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. पण चुकून पुसलंत तर दोन्हीकडून जाईल हां. तेव्हा एक कॉपी बाहेर लागतेच."

"मग डोंबलाची पेटी! ती मोठी काढा."

ती मोठी म्हणजे मी.

वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, ते एवढं सांगतायत तर दोन छोट्या..."

"वहिनी, तुम्ही सुईदोऱ्याचं बघा. हे माझ्यावर सोडा."

आणि तिने सोडलं! निळ्याच्या चौदा छटांतली एक चुकीची दिली तर दोरेवाल्याला उभा-आडवा घेणारी बाई, आणि इथे मान डोलवून मोकळी.

घरी आल्यावर भाऊजींनी बाह्या सरसावल्या आणि माझे तीन कप्पे पाडले. पहिल्याचं नाव 'मूळ', दुसऱ्याचं 'कॉपी', तिसऱ्याचं 'कॉपीची कॉपी'. स्क्रीनवर तीन वेगवेगळ्या डिस्क दिसायला लागल्या. भाऊजी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "घ्या वहिनी. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. आता भूकंप झाला तरी चिंता नाही."

सासूबाई दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिकडे तीन दिसतायत, पण डबा तर एकच आहे की रे."

"आई, तुला नाही कळायचं ते."

अख्ख्या घरात त्या म्हातारीलाच तेवढं कळलं होतं.

मग सुरू झाला शनिवारचा तमाशा. दर शनिवारी दुपारी वहिनी हात धुऊन बसायची. 'कॉपी'तलं सगळं पुसायची, 'मूळ'मधलं सगळं तिथे उतरवायची. मग 'कॉपीची कॉपी' पुसायची, परत सगळं उतरवायची. तीन-तीन तास. मित्रांनो, एकाच डिस्कवरून त्याच डिस्कवर उतरवायचं म्हणजे काय, माहीत आहे? माझा तो एकुलता एक हात इकडून वाचणार, पळत तिकडे जाऊन लिहिणार, परत इकडे. इस्त्रीच्या बाजूला ठेवलेली मी, आधीच तापलेली, त्यात ही धावाधाव. मला जपतोय असं समजून दर आठवड्याला मला झिजवत होते. वर कौतुक! कोणी पाहुणा आला की भाऊजी माझ्यावर टिचकी मारून सांगायचे, "तीन ठिकाणी आहे आमचं सगळं, तीन!" टिचकी! चालत्या डिस्कवर! जोडीला लॅपटॉपमधलंही सगळं पुसायला लावलं, म्हणे तो हलका राहील. आणि चित्रं मशीनमध्ये घालायचा पेन ड्राइव्ह तर प्रत्येक कामाला रिकामाच करावा लागायचा.

अशी पाच वर्षं गेली.

मग वहिनीकडे मुलांच्या हॉस्पिटलचं काम आलं. तिथल्या नर्सबाईंच्या कोटावर, खिशाच्या वर, एकेक प्राणी हवा होता, म्हणजे सुई टोचणाऱ्या बाईकडे बघून पोरं भोकाड पसरणार नाहीत. असं काम तिला कोणी कधी दिलं नव्हतं. आजवर भरली ती दुसऱ्यांनी दिलेली नावं आणि शिक्के. ही चित्रं तिच्या स्वतःच्या मनातली. अकरा आठवडे खपली ती. जांभई देणारा पाणघोडा, मफलर घातलेला जिराफ, कासवाच्या पाठीवर झोपलेली बेडकी. त्या बेडकीच्या पापणीसाठी तिने टाक्यांची दिशा नऊ वेळा बदलली. मी साक्षीदार आहे, नऊही वेळा मीच लिहून ठेवलंय. मंगळवारी नमुने कापडावर भरायचे आणि बुधवारी हॉस्पिटलच्या स्टोअरच्या बाईंना दाखवायचे होते. पसंत पडले की काम तिचं.

आणि आदल्या रविवारी माझ्या पोटात 'टक' झालं.

वहिनीने लगेच मान वर केली. मशीनची सुई बोथट झाली की तिला शेजारच्या खोलीतून कळायचं, तिचा कान तसा. परत 'टक... टक'. तिने फोन लावला. "भाऊजी, डबा आवाज करतोय. चांगला आवाज नाही हा. मी पटकन हॉस्पिटलची चित्रं पेन ड्राइव्हवर काढून घेते."

"थांबा थांबा, हात लावू नका! मी आलो."

दहा मिनिटांत हजर. कान लावून ऐकलं, डॉक्टरसारखा चेहरा केला. "काही नाही, आधी पूर्ण तपासणी करू. कोपरान् कोपरा तपासून दुरुस्त करतं हे."

"पण आधी चित्रं काढून घेतली असती तर? पाच मिनिटांचं काम."

"वहिनी, अहो तीन ठिकाणी आहेत ना! घाबरता काय एवढ्या?"

मित्रांनो, त्या क्षणाला मला तोंड असतं तर त्या माणसाचा असा उद्धार केला असता! माझा हात लटपटत होता. त्या पाच मिनिटांपुरती ताकद माझ्यात होती. दिली असती तिला बेडकी, दिला असता जिराफ. पण नाही. याला मला अथपासून इतिपर्यंत पळवायचं होतं. आजाऱ्याला तपासायचं म्हणून त्याला डोंगर चढायला लावतात का कोणी? वहिनीचं बोट बटणावर होतं. तिने ते मागे घेतलं. तिचा राग मला भाऊजींपेक्षा जास्त येतो, कारण तिला ऐकू येत होतं.

तपासणी एकसष्ट टक्क्यांवर आली आणि माझा हात तबकडीवर टेकला आणि खरवडत गेला. स्क्रीनवरून 'मूळ' गेलं, 'कॉपी' गेली, 'कॉपीची कॉपी' गेली. एकदमच.

भाऊजींनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. परत काढली. मग त्यांना एकदम घरी काहीतरी काम आठवलं.

सोमवारी वहिनी त्यांना ओढतच बंद पडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. त्या बाईने मास्क लावला, मला उघडलं, दिव्याखाली धरलं. तबकडीवर गोल चरा पडला होता.

"किती ठिकाणी ठेवलं होतं?"

"तीन," भाऊजी म्हणाले.

"बाकीची दोन कुठायत?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईने मला खाली ठेवलं. "म्हणजे एकाच ताटात तीन वाट्या मांडल्यात तुम्ही. ताटच पडलं." मग वहिनीला म्हणाली, "ताई, खोटं कशाला सांगू? यातून काही निघणार नाही."

बुधवारी वहिनी हॉस्पिटलला गेली ती पेन्सिलने काढलेले कागद घेऊन. स्टोअरच्या बाई चांगल्या होत्या, कागद बघून हसल्याही. पण वॉर्ड येत्या सोमवारीच सुरू होणार होता. कोटांवर एका कंपनीचे तयार बिल्ले लागले. सगळ्यांना एकच अस्वल, डोळे वाकडे.

घरी आल्यावर ती दोन दिवस मशीनसमोर नुसती बसून. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, गार झालेला उचलून नेला, परत आणला. शेवटी म्हणाल्या, "अगं, तू भरलेलं कापड तर लोकांच्या अंगावरच आहे ना? ते कुठे पुसलं गेलंय?"

वहिनीने सासूकडे पाहिलं. मग चपला घातल्या.

आठवडाभरात बाहेरच्या खोलीत ढीग लागला. बँडवाल्याची घामट टोपी, बेकरीवाल्याचा पिठाने माखलेला ॲप्रन, दाताच्या डॉक्टरचा बटण तुटलेला कोट. भिंग घेऊन ती टाका न् टाका मोजायला बसली. बारा वर्षांचं काम ती लोकांच्या कपड्यांवरून परत उतरवून घेत होती. मी डब्यातून बघत होते आणि माझी मलाच किळस येत होती. विटलेली टोपी माझ्यापेक्षा भरवशाची निघाली! प्राणी मात्र कुठल्याच कपड्यावर नव्हते. बेडकी तिने पुन्हा काढायला घेतली, पण ती पापणी काही तशी जमेना.

महिन्याभराने भाऊजी उगवले, हातात खोकं. माझ्या दुप्पट मोठी डिस्क. "वहिनी, झालं गेलं विसरा. ही माझ्याकडून. आता आपण पाच कप्पे करू."

वहिनी सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "कप्पे नकोत. ती तुमच्याच घरी ठेवा. एक माझ्याकडे असेल, ती मी आणलीये. शनिवारी मी माझी चित्रं घेऊन येईन, तुमच्या डिस्कवर उतरवीन, आणि त्यातलं एक तिथल्या तिथे उघडून बघीन. उघडलं तर चहा पिऊन घरी येईन."

भाऊजींचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुमचा."

"तुमचं सोडा हो. माझा हिच्यावर नाही." तिने त्या नव्या कोऱ्या खोक्यावर बोट ठेवलं. "आणि घरी जी आहे, तिच्यावरही नाही."

मित्रांनो, पाच वर्षांत आमच्या जातीबद्दल त्या घरात कोणी खरं बोललं असेल, तर ते हे. आत्मवृत्त सांगणारे शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मी नाही म्हणत. पुसा, झाका, पूजा करा, आम्ही मरायचं तेव्हा मरणारच. जपायचं तर आमच्या पोटात काय आहे ते जपा. दुसरी कॉपी दुसऱ्या डब्यात ठेवा, तो डबा दुसऱ्या घरात ठेवा आणि मधूनमधून उघडून बघा. आणि आमच्यातल्या एखादीने 'टक' केलं, तर कुठल्याही भाऊजीला फोन लावायच्या आधी, ती पाच मिनिटं आहेत तोवर, आपली बेडकी बाहेर काढून घ्या.