वाकड्या बोटाचा ठसा

डिसेंबरच्या थंडीतही धम्मदीपच्या तळहातांना घाम सुटला होता. चंद्रपूरकडच्या एका निसर्ग केंद्रात तो हंगामी मार्गदर्शक. हिवाळी शिबिराच्या दोन तुकड्या वानरं आणि चितळं बघून तोंड पाडून परत गेल्या होत्या. केंद्राच्या साहेबांनी बजावलं होतं, "या खेपेला मुलांना वाघाची काही खूण दिसली नाही, तर मार्चनंतर तुला ठेवून करायचं काय?" जणू वाघ याच्या दावणीला बांधलेला होता.

म्हणून पठ्ठ्याने उजाडल्याबरोबर एक उद्योग करून ठेवला. वाघाच्या पाऊलखुणांत प्लास्टर ओतून काढलेले जुने ठसे केंद्राच्या कपाटात कागदात गुंडाळून पडले होते. त्यातला आतलं बोट वाकडं असलेला एक त्याने उचलला आणि नाल्याच्या ओल्या मातीत चारदा दाबला. वाकडं बोट दिसलं की कोणालाही खरंच वाटेल, ही याची अक्कल.

आता राजुऱ्याच्या शाळेची मुलं नाल्याकडे निघाली होती आणि त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो सारखा मागे वळून बघत होता. मागून बुधरीबाई चहाची किटली घेऊन येत होती. केंद्रातला स्वयंपाक आणि झाडलोट तिच्याकडे. एरवी ती नाल्यावर येत नसे. आज गारठा पाहून मुलांबरोबर आलेल्या निशात मॅडमनी चहा तिथेच मागवला होता. मुलांना फसवणं सोपं होतं, पण ही जंगलातली बाई होती.

मुलांना ठसे दिसले. वह्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या, मॅडमचा चेहरा खुलला. धम्मदीपचा जीव भांड्यात पडला.

बुधरीबाई वाकली आणि किटली तिच्या हातातून निसटली.

"हेच बोट," ती म्हणाली. "माह्या घरवाल्याले मारलं, तीच वाघीण आहे. पकडून नेली म्हणे ना? मले खोटं काऊन सांगितलं?" मग तिने जंगलाकडे पाहिलं. "कमला सरपणाले गेली आहे."

लेकीला हाका मारत ती जंगलाकडे धावत सुटली.

धम्मदीप जागचा हलला नाही. गप्प राहिलं की नोकरी पक्की होती. पण तिच्या हाका ऐकवेनात. त्याला स्वतःचीच किळस आली आणि तो तिच्यामागे धावला.

"बाई, थांबा. वाघ नाई आला. तो ठसा मीच उमटवला."

मुलांनी ऐकलं, मॅडमनीही ऐकलं.

कमला घरी आल्यावरच बुधरीबाई केंद्रात आली. "दाखव," एवढंच म्हणाली. त्याने कपाट उघडून ठसा तिच्या हातात दिला. तिने तो उलटा केला. मागे तारीख कोरलेली होती.

"वाच."

"अकरा मे सत्त्याण्णव."

"तोच दिवस." ती खाली बसली. "तीन वर्षं मी या कपाटाची धूळ पुसून राह्यली, भाऊ. मले कोणी सांगितलं नाई."

तिने ठसा पदरात गुंडाळला आणि निघाली. ठसा केंद्राचा होता, नोंदवहीत त्याला नंबर होता. धम्मदीप दारातून बाजूला झाला.

संध्याकाळी साहेब आले. मॅडमकडून सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठे आहे तो ठसा?"

"फुटला, साहेब," धम्मदीप म्हणाला. "माझ्याच हातून."