मी रिकामा राहिलो ते बरं झालं

मी एक स्ट्रेचर बोलतोय. चार चाकं, पातळ गादी, आणि पुढचं डावं चाक जन्मापासूनच कुरकुरणारं.

माझी उमेदीची वर्षं शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेली. मेंदूचा झटका आलेला माणूस दारात पोचायच्या आधीच तिथे फोन वाजलेला असायचा. मला धावतच स्कॅनच्या खोलीत न्यायचे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बरेचदा माझ्यावरच दिलं जायचं, आणि लुळा हात पुन्हा हलताना मी पाहिलाय. मला वाटायचं, सगळीकडे असंच चालतं. खुळाच होतो!

म्हातारपणी माझी रवानगी दोन तासांवरच्या या लहान रुग्णालयात झाली. माणसं प्रेमळ, पण स्कॅनचं यंत्रच नाही, आणि स्कॅनशिवाय ते इंजेक्शन देता येत नाही. रीत अशी, की रुग्णाला माझ्यावर उतरवायचं, आणणारी रुग्णवाहिका सोडून द्यायची, केसपेपर काढायचा, तपासायचं आणि मग शहरात न्यायला दुसरी गाडी शोधायची. एकदा गाणं शिकवणारे एक मास्तर सव्वा तास माझ्यावर पडून होते. बायको त्यांचा हात चोळत राहिली. ते इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं; शहरात पोचेपर्यंत ती वेळ टळली होती. मास्तरांची वाचा गेली ती गेलीच. मला फार वाईट वाटलं. आमच्या मोठ्या सिस्टर तर दोन दिवस जेवल्या नाहीत.

गेल्या महिन्यात दुपारी एकच्या सुमारास गाडी आली. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई, उजवा हात लुळा. मला दारात नेलं, तेवढ्यात सिस्टर धावल्या. "उतरवू नका!" म्हणत त्या गाडीतच चढल्या.

"अहो, आत नाही घेणार का?" नवरा रडकुंडीला आला.

"दादा, इथे उतरवलं तर तासभर जाईल. डॉक्टर गाडीतच बघतील. हे कधी सुरू झालं?"

"अकराला. सुई धरता येईना. मीच म्हटलं, जरा पड, बरं वाटेल."

सिस्टरनी बाईंच्या मनगटावर पेनानं 'अकरा' लिहिलं आणि शहरात फोन लावला. डॉक्टरांनी तपासलं, गाडी वळली.

"अहो, केसपेपर?" कारकून ओरडला.

"मागून काढा!" सिस्टर म्हणाल्या.

मी दारात रिकामाच उभा होतो. जीव टांगणीला लागला होता.

काल त्या बाई सिस्टरना भेटायला आल्या. बोलता बोलता माझ्यावरच टेकल्या. उसवलेली गादी हाताला लागली, तशी पिशवीतून सुईदोरा काढून त्यांनी ती शिवली. उजव्या हातानं, हळूहळू. टाके थोडे तिरके पडलेत.

तुमच्या घरी कुणाचा हात असा अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर 'जरा पड' म्हणू नका. घड्याळ बघा आणि स्कॅन असलेल्या रुग्णालयाकडे निघा. माझ्यावाचून पुढे गेलात, तर मला आनंदच आहे.