दोन कबरींमधली वाट

भिंतीच्या पायासाठी खणलेल्या चरात तामू मांडी घालून बसली होती आणि माझ्या थापीवरचा माल सुकत चालला होता.

"लाल्ला, उठा आता. हाज येतायत," मी तामूला अदबीने म्हणालो.

"येऊ दे. बसायला भरपूर जागा खणलीयस, अब्दस्लाम."

टँजियरच्या टेकडीवर आमच्या कबरस्तानाच्या वर बुचाच्या ओकांचं रान आहे, खाली ओढ्याकाठचं. जनावरांचं खाणं वर, पाणी खाली. पूर्वी रानडुकरं, साळिंदरं कुठूनही ये-जा करायची. मग एका अंगाला बंगले झाले, दुसऱ्या अंगाला मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर जनावरं मरू लागली. ये-जा करायला उरली ती कबरस्तानाच्या टोकाची, रेहानच्या सुवासिक झुडपांची झाडी. तामूचा नवरा लयाशी वनरक्षक होता. त्याने ती वाट जन्मभर सांभाळली आणि मरताना तिच्या कडेलाच कबरीसाठी जागा मागून घेतली.

यंदा एका डुकराने हाज बर्नूसींच्या आईच्या कबरीजवळ माती उकरली. नापाक जनावर, तेही कबरस्तानात! हाजनी स्वखर्चाने भिंत घालायचं ठरवलं आणि अख्खी वस्ती खूश झाली. मीही त्यातलाच.

हाज आले आणि चराच्या काठावर उभे राहिले.

"डुकरांसाठी बसलात, लाल्ला? लोक काय म्हणतील?"

"म्हणतातच की. डुकरांची वकिलीण."

हाज तसे भले माणूस. भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक ठेवू, असं त्यांनी समजुतीने सांगितलं.

"फाटकाला कडी असते, हाज. साळिंदर आलं की ती काढायला तुम्ही येणार?"

मला हसू आलं, ते मी गिळलं. मग हाज म्हणाले की ती झाडीही काढून टाकायची आहे, कबरस्तान कसं साफसूफ दिसायला हवं.

तामूचा आवाज एकदम खाली आला. "उद्या आशूरा. आईच्या कबरीवर काय ठेवणार?"

आशूराच्या दिवशी आम्ही कबरींवर पाणी ओततो आणि रेहानच्या डहाळ्या ठेवतो. त्या डहाळ्या सगळी वस्ती ह्याच झाडीतून नेते. जन्मभर तिथून तोडत आलो आणि तिलाच कचरा म्हणत होतो. हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, ह्याची मला लाज वाटली.

"बाजारातून आणीन," हाज म्हणाले.

"आणा की. पण तुमच्या आईला इथल्या वासाची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी हाज पाण्याची बाटली घेऊन आले, दुसरा हात रिकामा. बाजारात गेलेच नव्हते. झाडीपाशी घुटमळत राहिले. तामूने स्वतः विळ्याने डहाळी कापून त्यांच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "अब्दस्लाम, भिंत लयाशीच्या कबरीपर्यंत आण आणि थांब. वाट सोडून पलीकडून पुढे घाल. त्या पलीकडच्या टोकाला माझी जागा. मग कबरीवरून भिंत न्यायची छाती कुणाची आहे ते बघते."

हाज हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी मात्र तिने सांगितलं तिथे थांबलो. खोटं कशाला सांगू, इतकी चांगली भिंत मी दुसरी बांधलेली नाही.

हिवाळ्यात तामू गेली. तिने दाखवलेल्या जागीच तिला ठेवलं. रात्री पाऊस झाला. सकाळी पाहतो तर दोन कबरींच्या मधून, ओल्या मातीत, खुरांची रांग सरळ खाली ओढ्याकडे गेलेली. एकाही कबरीला धक्का नव्हता. कुणीतरी माती सारखी करायला फावडं उचललं.

"राहू दे," मागून हाज म्हणाले.

त्यांनी तामूच्या कबरीवर रेहानची डहाळी ठेवली. मग अंगातला पायघोळ जेलाबा घोट्यापासून वर धरला, खुरांवर पाय पडू न देता वाट ओलांडली आणि आईच्या कबरीकडे गेले.