दहा इंचांवरची लेक

मी टेलरमास्तरांच्या गळ्यातला टेप बोलतोय. कारखान्यातून निघालो तो थेट त्यांच्या मानेवर, आणि तिथेच मुक्काम ठोकला. मापाला उभी राहिली की भलीभली माणसं श्वास रोखून पोट आत ओढतात. मास्तर हसून म्हणायचे, "सोडा साहेब, शर्टाला कळायचं ते कळतंच!"

वापरून वापरून माझा पहिला इंच तुटला. तेव्हापासून मास्तर प्रत्येक मापातून एक इंच न चुकता वजा करायचे.

मास्तरांची एकुलती एक लेक लग्न करून समुद्रापलीकडच्या शहरात निघाली, तेव्हा बापलेकीत चार शब्द जास्तच झाले. राग पुढे विरला. पण ती बोलवायची आणि हे टाळायचे, "एवढ्या लांब कोण येतंय!" खरं सांगू? मास्तरांना विमानाची धास्ती होती. स्टुलावर चढायचं झालं तरी ते आधी भिंत धरायचे. लेकीला मात्र वाटायचं, बाबांचा राग अजून गेलेला नाही. म्हणून तीही कधी आली नाही.

एकदा फोनवर ती म्हणाली, "दुकानातल्या नकाशावर मोजून तर बघा. इंचाला एक तास धरा. नऊ तासांत याल."

मास्तरांनी मला नकाशावर आडवं केलं. आयुष्यभर छात्या आणि कमरा मोजलेला मी, माझ्याखाली एकदम निळा समुद्र पसरला. मी त्यावर तरंगतच राहिलो. मला तिथून उठावंसंच वाटेना. मास्तरांची नजरही तिच्या शहरावर टोचलेल्या टाचणीवर खिळली होती. त्या नादात वजाबाकी राहून गेली.

"दहा होतात," ते म्हणाले. "मला भुलवायला एक तास चोरतेस होय गं?"

"नऊ असोत नाहीतर दहा, तुम्ही काही यायचे नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने बोलावणंच सोडलं. ते मात्र मास्तरांना सोसेना. महिनाभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी तिकीट काढलं.

विमानात ते मला गळ्यात घालूनच चढले. तिकिटावर दोन शहरांच्या दोन वेळा, त्यांचा मेळ काही बसेना. मास्तरांचा भरवसा माझ्या दहा इंचांवर. आधी त्यांनी मला घट्ट मुठीत धरलं होतं. मग खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसासारखे ढग लागले, त्यांच्यावर ऊन निवांत पडलेलं. घर मागे राहिलं होतं, लेक अजून पुढे होती, आणि आम्ही दोघं कुठेच नव्हतो. मास्तरांची मूठ हळूहळू सैल झाली. लेकीशी काय बोलायचं ते शेवटच्या तासात जुळवू, असं ठरवून त्यांनी डोळे मिटले.

आणि नऊ तासांतच चाकं जमिनीला टेकली.

"इतक्यात आलं?" मास्तर गडबडले.

"वेळेवरच आलंय की, काका," शेजारच्या बाई म्हणाल्या.

बाहेर लेक उभी होती. मास्तरांच्या ओठांवर एकही जुळवलेला शब्द नव्हता. जे होतं ते एका दमात बाहेर पडलं, "राग नव्हता गं माझा. भीती वाटायची विमानाची. तुला सांगायची लाज वाटली."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "एकदा बोलायचं तरी, बाबा. मी आले असते."

आता मी लेकीच्याच घरी खुंटीवर असतो. मास्तर मला इथे ठेवून परतले. दर वर्षी ती त्यांच्याकडे जाते. तुमचंही कुणी लांब राहत असेल आणि जायची भीती वाटत असेल, तर अंतराच्या सबबी सांगू नका, भीती वाटते म्हणून सांगा. मास्तरांची लेक एका शब्दावर यायला तयार होती, आणि तो शब्द सांगायला त्यांना सात वर्षं लागली.