निळ्या फुग्याची दोरी

मित्रांनो, मी एक नाही, हे आधीच सांगून टाकतो. भर समुद्रात तुम्हाला मी एकटा निळा फुगा दिसेन, पण माझ्यात पुष्कळ जण राहतात. कुणी तरंगतं, कुणी शिकार धरतं, कुणी नुसतं जेवतं. एकाचं पोट भरलं की सगळ्यांचं भरतं. वेगळे झालो तर कुणीच जगत नाही. आम्हाला डोकं नाही, काळीजही नाही. त्यामुळे कशाचं फारसं काही वाटत नाही.

पोहणं मात्र आमच्यात कुणालाच जमत नाही. वारा नेईल तिकडे जायचं, असंच आयुष्य गेलं. चौऱ्याऐंशी साली त्याने मला मनोरीच्या किनाऱ्याशी आणून टाकलं. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती.

गुडघाभर पाण्यात वनमाला नावाची बाई नारळ छातीशी धरून उभी होती. शेजारी तिची नणंद जयंती. दोघी बोरीवलीहून आल्या होत्या.

"वहिनी, मीरा तापाने गेली तेव्हापासून तू एक शब्द बोलली नाहीस गं," जयंती म्हणत होती. "लेक तुझी, पण आमचीपण होती ना? रड, भांड, काहीपण कर. निदान नारळ तरी सोड!"

वनमालाने नारळ आणखी घट्ट धरला. तेवढ्यात माझ्या फुग्याखाली लोंबणारी एक लांब दोरी तिच्या पोटरीला लागली. माझ्या डंखाने मासे लुळे पडतात, माणसं किंचाळतात. हिच्या पोटरीवर लालभडक वळ उठले, पण पापणी हलली नाही. हिलाही काळीज नसावं, असं मला वाटलं.

"अगं बाई, वाट लागली!" लाट ओसरून वळ दिसताच जयंतीने तिला ओढत काठावर आणलं आणि मूठभर वाळू घेऊन पोटरी खसाखसा चोळली. दोरीचे तुकडे तिथेच चिकटलेले होते. ते जयंतीच्या तळहातांना डसले. "आई गं!" ती कळवळली.

वनमालाच्या हातून नारळ सुटला.

"घासू नको गो!" ती ओरडली. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेली बाई ती. "खारा पाणी घाल आधी!"

नणंदेचे हात धरून ती लाटेच्या पाण्याने धूत राहिली, आणि धुता धुता हंबरडा फोडून रडली. नारळ लाटेबरोबर आत गेला. तोवर लाटेने मलाही वाळूवर फेकलं होतं; मी तिथे सुकत पडलो होतो.

मित्रांनो, किनाऱ्यावर निळा फुगा दिसला तर हात लावू नका. मेल्यावरही आम्ही डसतो. डसलोच तर चोळू नका. आणि घरातलं कुणी गप्प झालं, तर त्याला एकटं सोडू नका. वेगळं होऊन तुम्हालाही जगता येत नसावं, असं मला त्या दिवशी वाटलं. आणि मला तर काळीजही नाही.