वाटेवरची डहाळी

बारकू जिवंत परत आला म्हणून सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर कोंबडं कापलं, देवाला नारळ फोडला आणि मग हळूहळू लोक त्याच्या ओट्यावर यायचे बंद झाले. परत आलेला माणूस कुणाच्या ओळखीचा राहिला नव्हता. त्याचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. दोन्ही अंगठ्यांना नखं नव्हती. तळपाय जमिनीला टेकवायचा म्हटलं की आधी दात आवळायचा. आणि कुणी मोठ्यानं हाक मारली की हा गडी सदरा काढून, त्याची नीट घडी घालून, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. भागीबाईनं, त्याच्या बायकोनं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली तरी तिला कळलं नाही.

तिनं त्याला नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, "पडलात का?" बारकू म्हणाला, "पडलो." डॉक्टरनं तसं लिहून घेतलं. असा कुठला कडा असतो, जिथून पडलं की अंगठ्यांचीच नखं जातात? भागीबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बारकूनं तिचा पदर धरून ओढला.

झालं होतं ते असं. एरवी पाड्यावरची माणसं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर मजुरीला जायची. आदल्या उन्हाळ्यात वाल्मीक मुकादमानं जास्त मजुरीचं गाजर दाखवलं आणि सगळ्यांना पार पूर्वेकडे, राज्याच्या हद्दीपलीकडच्या जंगलात रस्त्याच्या कामाला नेलं. तिथे नक्षलवाद्यांची आणि सरकारची लढाई चालली आहे, हे काही त्या गृहस्थानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोण आलं असतं?

बाजाराच्या दिवशी बायका पुढे निघाल्या, गडी मागून येणार होते. दुपार कलली तरी कुणाचा पत्ता नाही. दिवस मावळायच्या सुमाराला गडी आले, तेही मार खाऊन. वाटेत वर्दीवाल्यांनी धरलं, डोळे बांधून तळावर नेलं, एकेकाला वेगळं घेतलं. बाकीच्यांना सोडलं आणि बारकूला ठेवून घेतलं. का ठेवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भागीबाई तळाच्या तारेपाशी जाऊन रडली, तर तिला बंदूक दाखवून हाकललं. वाल्मीकनं सगळ्यांना रेल्वेत कोंबलं, मनमाडला उतरवलं आणि हात झटकले. मग एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. ना कोर्ट, ना कागद. सरकारच्या भाषेत याला चौकशी म्हणतात.

"वर्दीवाले उगीच ठेवून घेतात का कुणाला? कायतरी केलंच आसंल," शेजारची धोंडाबाई पाणवठ्यावर म्हणाली. भागीबाईनं हंडा खाली ठेवला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण तोच किडा तिच्याही डोक्यात वळवळत होता. सगळ्यांना सोडलं, मग यालाच का ठेवलं? ज्याच्यासाठी ती तारेपाशी रडली, तो माणूस खरंच तिला ठाऊक होता का? हे कळल्याशिवाय तिला त्याच्या शेजारी धड झोपही येईना.

"रोशनीच्या बा, त्यांनी काय इचारलं तुला?" ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "तू काय केलं व्हतं? मला तरी सांग."

तो चुलीकडे बघत राहायचा.

चैत्रात भागीबाईच्या भाचीचं लग्न निघालं. माहेर डोंगरापलीकडे, पायवाटेनं जायचं. बारकू हळू चालणार म्हणून ती दोघं सकाळी लवकर निघाली. त्यांना न्यायला आलेला तिचा भाऊ झिपरू लग्नाच्या तांदळाचं पोतं घेऊन मागून येणार होता. ऊन अजून कोवळं होतं. बारकू चालत होता, आणि एवढ्यावरही भागीबाईला बरं वाटत होतं.

खिंडीजवळ वाट फुटते. डावी माहेरी जाते, उजवी गुरांची, कड्यापाशी जाऊन संपते. डोंगरातल्या माणसांची एक रीत असते: पुढे जाणाऱ्यानं चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची आणि वर दगड ठेवायचा. मागचा समजतो, इकडे जायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, हात आपसूक चालतात. भागीबाईनं करवंदीची डहाळी मोडली, उजव्या वाटेवर टाकली, दगड ठेवला आणि पदराला हात पुसत मागे वळली.

बारकूचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

तो धावला. ज्याला धड चालता येत नव्हतं, तो माणूस धावला. दगड भिरकावला, डहाळी उचलली, काट्यांसकट चुरगाळून सदऱ्याच्या आत खुपसली. मग गुडघे टेकून बसला आणि समोर कुणी नसताना हिंदीत बोलायला लागला.

"मैंने रखी, साब. आगे कोई नहीं था. मैंने ही रखी."

भागीबाईला आठवलं. त्या दिवशी, बाजाराच्या वाटेवर, सगळ्या बायकांच्या पुढे ती होती. जंगलातल्या फाट्यावर तिनंच डहाळी टाकली होती, मागून येणारे गडी चुकू नयेत म्हणून. आपल्या डोंगरात टाकतात तशी.

"डहाळी बघून त्यांना काय वाटलं?" तिनं विचारलं.

"खूण," बारकू म्हणाला. परत आल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघत होता. "त्या वाटेला सुरुंग हाय, आपल्या लोकांनी जाऊ नये, म्हनून नक्षल्यांतल्या कुनीतरी टाकलेली खूण. मी म्हनलो, मी टाकली. ते म्हनले, तू तर मागून आला, मंग पुढं कोन व्हतं? रोज तेच. पुढं कोन व्हतं, तेवढं सांग आन घरी जा."

एवढंच सांगायचं होतं. एक नाव, आणि तो घरी आला असता. ते नाव भागीबाईचं होतं. आणि ती इकडे त्याच्याच शेजारी पडून, यानं काय केलं असेल, असा विचार करत होती! तिला स्वतःची किळस आली. त्याच्यासमोर बसून तिनं त्याचे हात धरले आणि नखं नसलेले ते अंगठे कपाळाला लावले.

तेवढ्यात खालच्या झाडीतून हाक आली. मागून येणाऱ्यानं वर माणसांचा आवाज ऐकला होता.

"ए, पुढं कोन हाय?"

बारकूचा हात झटक्यानं भागीबाईच्या तोंडावर आला. खांद्याच्या वर न जाणारा हात. त्यानं तिला आपल्या पाठीमागे ओढलं आणि झाडीकडे तोंड करून ओरडला, "कोई नहीं, साब! कोई नहीं!"

भागीबाईनं तो हात हलकेच तोंडावरून काढला, पण सोडला नाही. ती उठून त्याच्या पुढे उभी राहिली.

"मी हाय!" ती सगळ्या खिंडीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "झिपरूदादा, पुढं मी हाय! भागी!"

बारकूनं डोळे गच्च मिटले आणि सदऱ्याची बटणं काढायला घेतली. झाडीतून डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेला झिपरू बाहेर आला.