फाटलेली बाही

ज्या वर्षी माझा थोरला शाळेत जायला लागला, त्याच वर्षी माझी नणंद नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली. तिची लेक मात्र सासूने ठेवून घेतली. "आधी कायमचं काम दाखव, मग पोर ने," असा निरोप धाडला.

मी तेव्हा सिनेमाच्या स्टुडिओत, कपडेपटात शिवणकाम करत होते. तिथल्या शिंपी मास्टरांच्या मागे लागून वन्संना तिथे चिकटवलं. मास्टर म्हणाले, "हा सिनेमा होईपर्यंत बघतो. जमलं तर कायम, नाहीतर आपला रस्ता."

सिनेमा एका जुन्या फ्रेंच कादंबरीवरून होता. श्रीमंतांच्या जिवावर थाटात राहणारी एक गणिका, तिला जडलेलं खरं प्रेम, मग आजारपण आणि एकटीचं मरण. दिग्दर्शक साहेब सांगायचे, कादंबरी जशीच्या तशी नाही घेतली, सैल रूपांतर आहे.

"सैल म्हणजे किती?" मास्टर गळ्यातली टेप ओढत विचारायचे. "कमरेत दोन बोटं, की सगळंच ढगळ?"

एके दिवशी एका उमरावाने रागाने नायिकेची बाही फाडायची, असा प्रसंग होता. तसला रेशमी झगा एकच होता. बाही एका हिसक्यात खांद्यापासून छान फाटली. साहेब खूश झाले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच फाटक्या बाहीने ती आरशासमोर बसून रडणार होती.

आता आमच्या सासूबाईंची शिस्त अशी, की फाटकं कापड खुंटीला लावायचं नाही. वन्संच्या अंगात ती लहानपणापासून मुरलेली. मी डबा खाऊन परत आले, तर वन्सं दातांनी दोरा तोडत होत्या.

"झालं बाई! कुठे फाटलं होतं ते आता शोधून दाखवा, वहिनी."

"अहो वन्सं, काय केलंत हे! ते फाटकंच हवं होतं!"

"फाटकं? आणि हवं?"

तेवढ्यात मास्टर आले, त्यांच्यामागून साहेब. मास्टर म्हणाले, पुन्हा फाडू. साहेब कडाडले, "पुन्हा तशीच फाटेल? अर्धा प्रसंग एका बाहीचा, अर्धा दुसरीचा! ह्या बाईंना आत्ताच्या आत्ता घरी पाठवा."

वन्संच्या डोळ्यांसमोर साहेब नव्हते, ती पोर होती, हे मला कळत होतं. पण त्या बोलल्या.

"साहेब, मी कापडाला कात्री लावलेली नाही. नुसता दोरा घातलाय. मीच घातला, मीच काढते. फाट होती तशी राहील."

"आणि नाही राहिली तर?"

"मग मला पाठवायची तसदी नको. माझी मीच जाईन."

खिडकीच्या उजेडात स्टूल ओढून त्या सुईच्या टोकाने एकेक टाका उचलू लागल्या. नायिका चहाचा कप घेऊन बघायला आली आणि खाली फरशीवरच बसली. चहा निवून गेला.

"साहेब," ती म्हणाली, "तो उमराव गेल्यावर मी रडत कशाला बसू? उद्या मला हाच झगा घालायचाय. मी शिवायला बसेन."

"तुला सुई धरता येते?"

"छे! हात ह्यांचे घ्या."

"कादंबरीत नाही हे."

"कादंबरीत मोटार तरी कुठे होती? ती आणलीतच ना तुम्ही?"

मास्टर खोकल्याचं निमित्त करून हसले. साहेबांनी वन्संच्या हातातली बाही उजेडात धरून पाहिली. फाट जिथल्या तिथे होती.

नायिकेच्या अंगठ्या वन्संच्या बोटांत घातल्या आणि कॅमेरा जवळ आणला. पहिल्या टाक्यापासून सुई आपली चालत राहिली. साहेबांनी मरणाचा प्रसंग पुढे ढकलला, पुन्हा ढकलला, आणि शेवटी घेतलाच नाही. पडद्यावर ती बाई बाही शिवते, झगा घालते आणि दार उघडून बाहेर पडते.

मास्टरांनी वन्संना कायम केलं. त्याच आठवड्यात आम्ही दोघी जाऊन पोरीला घेऊन आलो. सिनेमा लागल्यावर तिला मध्ये बसवून पाहिला. भर थिएटरात ती ओरडली, "आई, ह्या बाईचा अंगठा तुझ्यासारखाच वाकडा आहे!" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वन्संनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना.

त्यानंतर वन्संनी त्या कपडेपटात कितीतरी जणींना शिवण शिकवलं. दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होताना, लेकीच्या घरी वन्सं वारल्या.